न उघडणारी फाईल

१२ ऑगस्ट १९९७

तिसऱ्यांदा! काल दुपारी तलासरीच्या दवाखान्यातून फोन — "सावेकाका, पडद्यावर परत तेच इंग्रजी आलंय." वाच म्हटलं. चंद्रिकाने एकेक अक्षर वाचलं: एल, आय, पी, आय, टिंब, डी, एल, एल. नॉट फाउंड. पुढचं ऐकायची गरज नव्हती.

आज रजा टाकून गेलो. डहाणूहून आशागडपर्यंत एसटीत उभा. पोचलो तर चंद्रिका निवांत केसपेपर लावत बसलेली. ही तिथली नोंदणी कारकून, बारावी झालेली, उधव्याकडची. कामाला चोख आहे, तोच त्रास. दवाखान्यात दर शनिवारी सफाई असते. फरशी धुतात, कपाटं पुसतात, मुदत संपलेली औषधं खोक्यात घालून बाहेर काढतात. या बाईने हीच पद्धत कॉम्प्युटरला लावली! प्रत्येक फाईलवर डबल-क्लिक करून बघते. जी उघडत नाही ती मुदत संपलेली.

लिपी डीएलएल उघडणार कशी? ती उघडायची फाईल नव्हेच. दवाखान्यासाठी मी फावल्या वेळात केलेला सिकलसेल तपासणीच्या नोंदींचा प्रोग्रॅम सुरू झाला की तो तिला आत बोलावतो आणि मराठी अक्षरं तिच्याकडून काढून घेतो. ती नसली तर प्रोग्रॅम उंबऱ्यातच अडतो.

एक कळत नाही. विंडोज अशा फाईली मुळात दाखवतच नाही. दाखव म्हणून एक खूण करावी लागते, ती मेनूत चांगली आत आहे. तिला कशी सापडली? मागच्या खेपेला मी फाईलला न पुसण्याची खूण करून आलो होतो. विंडोजने विचारलं असणार, खरंच पुसू? हिने हो म्हटलं असणार. कचऱ्याची टोपलीही रिकामी. सफाई म्हणजे सफाई.

फ्लॉपीवरून फाईल परत घातली. घालताना काय करतोय ते नेहमीप्रमाणे मोठ्याने बोलत होतो, ती माझी सवय आहे. ड्युटीवर रेल्वेचे सिग्नल दुरुस्त करतानाही बोलतो. चुका कमी होतात.

निघालो तर चंद्रिकाने डबा पुढे केला. नागलीची भाकर, सुक्या बोंबलांची चटणी. नको म्हटलं. सुकऱ्या — तिथला मलमपट्टी करणारा ड्रेसर, माझ्याच वयाचा — म्हणाला, "खा ओ. मशीनचा डॉक्टर उपाशी गेला तर मशीन परत आजारी पडंल."

खाल्लं. चटणी तिखट होती. चांगली होती.

१३ ऑगस्ट

ड्युटी. पाऊस. आल्यावर भात टाकला. दिवसभरात बोललेली वाक्यं आठवून पाहिली — सगळी कामाची.

१७ ऑगस्ट

ठरलं. लिपी डीएलएल डिस्कवर ठेवायचीच नाही. प्रोग्रॅमच्या पोटात ठेवायची आणि वेळ आली की तिथून थेट मेमरीत उतरवायची. पुसायला फाईलच नाही तर पुसणार काय!

सोपे उपाय मला माहीत नाहीत असं नाही. माझ्या स्वतःच्या दोन लायब्रऱ्या मी केव्हाच मूळ प्रोग्रॅममध्ये मिसळून टाकल्या. लिपी माझी नाही. पुण्याच्या एका गृहस्थांनी केली. तयार फाईल दिली, मूळ लिखाण दिलं नाही, आणि आता ते परदेशात. म्हणजे आहे तशी वापरायची. काही लोक अशी फाईल प्रोग्रॅम चालू असेपर्यंत तात्पुरती डिस्कवर काढतात. चंद्रिका तीही झाडून काढील.

अडचण एकच, पण मोठी. डीएलएल मेमरीत आणणं हे विंडोजचं काम, आणि ते डिस्कवरचीच फाईल घेतं. नाव सांगा, शोधतो म्हणतं. मेमरीत आहेत ते बाइट घे आणि चालव, म्हटलं तर तशी सोयच नाही. म्हणजे विंडोज आतल्या आत जे जे करतं ते मी हाताने करायचं. माझा स्वतःचा लोडर.

दहावीनंतर मला कोणी काही शिकवलेलं नाही. सिग्नलची सर्किटं उघडून बघत शिकलो, कॉम्प्युटर पुस्तकांवरून. या फाईलींची रचना कशी असते त्याची झेरॉक्स फोर्टला फुटपाथवर मिळाली. एक पान पुसट आहे. ते मी दहा डीएलएल तपासून स्वतः भरून काढीन. डहाणू तालुक्यात हे काम आणखी कोणी केलं असेल असं वाटत नाही. ठाणे जिल्ह्यात म्हणत नाही — खात्री नाही.

२४ ऑगस्ट

बोर्डीहून वासंतीचा फोन. "दादा, रविवारी जेवायला ये." काय बिघडलंय विचारलं. म्हणाली, काही नाही रे, मिक्सर चालतो, पंखा चालतो, टीव्ही चालतो. मग बघू म्हटलं, पुढच्या महिन्यात. बहीण असली तरी काम नसताना जाऊन बसायचं म्हणजे हात कुठे ठेवायचे कळत नाही.

ती म्हणाली, "बरं." तिचं बरं मला ओळखता येतं.

३१ ऑगस्ट

लिपी मेमरीत उतरते आणि पहिल्याच अक्षराला मशीन गोठतं. आठवडा गेला यात.

कारण सापडलं! प्रत्येक डीएलएल एक पत्ता मनात धरून बनवलेली असते: मी अमुक जागी राहणार. आतल्या वाटा त्या पत्त्यावरून मोजलेल्या. ती जागा रिकामी असेल तर प्रश्न नाही. नसेल तर दुसरी जागा द्यायची आणि आतला एकेक पत्ता तेवढ्याच फरकाने बदलायचा. कुठले कुठले बदलायचे त्याची यादी फाईलमध्येच असते. मी ती वाचलीच नव्हती, कारण ती कशी वाचायची ते त्या पुसट पानावर आहे.

आमच्या खात्यात बदली होते तसंच. सात नंबर क्वार्टर मंजूर. जाऊन बघावं तर त्यात माणसं. मग एकोणीस मिळतो. रेशनकार्ड, गॅस, पोस्ट, सगळीकडे सात खोडून एकोणीस करायचं. एक राहिलं तरी पत्र भलत्याच्या दारात.

मी एकोणीसमध्ये आलो तेव्हा हे काम लवकर उरकलं. बदलायला फारसं नव्हतं.

६ सप्टेंबर

गणपती. समोरच्या क्वार्टरमधून मोदक आले. ताट रिकामं कसं परत द्यायचं म्हणून साखर घातली. बाई म्हणाल्या, आत या ना, आरती होतेय. लोडर अर्धवट उघडा ठेवून आलोय म्हटलं. त्यांना वाटलं गॅसवर काहीतरी आहे.

पत्ते बदलण्याचा भाग पूर्ण.

१६ सप्टेंबर

तलासरी. चौथ्यांदा. आता रागवायचं नाही असं ठरवून गेलो होतो — लोडर होतच आला आहे.

फाईल घालत होतो तेव्हा चंद्रिकाने विचारलं, "काका, ह्या फाईलीत अक्षरं आहेत म्हणता, मग मी उघडली तर मला नुसते डाग का दिसले?" प्रश्न बरोबर होता. फाईल नोटपॅडमध्ये उघडून पाहिली होती तिने! मग सांगत बसलो. डीएलएलच्या तोंडाशी कुठली दोन अक्षरं असतात, ती नसली तर ती फाईल डीएलएल नव्हेच. मग आत काय कुठे आहे त्याचा नकाशा. मग एकेक भाग. जागा कशी मागायची, पत्ते कसे बदलायचे. केसपेपरच्या पाठीवर आकृती काढली. तिने मध्येच थांबवलं: "थांबा. जागा दुसरी मिळाली तर यादीतले सगळे बदलायचे, की फक्त लागतात तेवढे?" सगळे, म्हटलं. तिने मान हलवली.

सुकऱ्या दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "आमच्या पाड्यावर घर हलवतात तसंच हाय. वासे तेच, जागा नवी." बऱ्यापैकी बरोबर आहे. वासे तेच राहतात हे खरं, पण मापं बदलतात. तसं सांगितलं त्याला. "तुम्हाला हरवायचं नाय," म्हणाला.

बाहेर पेशंट बसले होते म्हणून उठलो, नाहीतर शेवटपर्यंत सांगितलं असतं. घरी आलो तर घसा दुखत होता. गरम पाणी प्यायलो. सर्दी नाही — दुपारभर बोललो त्याने. सवय राहिलेली नाही.

२८ सप्टेंबर

लिपीला विंडोजची काही फंक्शन्स लागतात. एकेकाचं नाव वाचायचं, त्याचा पत्ता विंडोजला विचारायचा, लिपीच्या तक्त्यात भरायचा. केलं. एकही चुकलं नाही.

५ ऑक्टोबर

लिपी आपल्या जागी. पत्ते बरोबर. फंक्शन्स जोडलेली. आणि पडद्यावर अक्षरांच्या जागी चौकोन! "रुग्णाचे नाव" याच्या जागी ओळीने चौकोन, जणू कोणी फरशी बसवली आहे.

ड्युटीवर डोक्यात तेच. साहेबांनी दोनदा हाक मारली म्हणे.

१२ ऑक्टोबर

सापडलं. डीएलएल मेमरीत नुसती नेऊन ठेवून भागत नाही. तिच्या दारात जाऊन सांगावं लागतं: तू आलीस, कामाला लाग. विंडोज हे न चुकता सांगतं. मी सांगितलं नव्हतं. ती आपली बसून होती, अक्षरांचे साचे न उघडता.

एक ओळ घातली.

१९ ऑक्टोबर

चाललं!! "रुग्णाचे नाव." "गाव." "पाडा." "तपासणीची तारीख." सगळी अक्षरं, काने-मात्रे जागच्या जागी. डिस्कवर लिपी नाही. फोल्डरमध्ये एकच फाईल. दुसऱ्या मशीनवर पाहावं म्हणून स्टेशनरोडच्या टायपिंग क्लासात जाऊन चालवलं, तिथेही चालतं. क्लासवाले विपुलभाई म्हणाले, "सरस! पण यात नवीन शुं छे? मराठी तर आमच्याकडे पण दिसते." त्यांना काय सांगायचं.

गंमत म्हणून विंडोजला विचारून पाहिलं, लिपी नावाचं कोणी आत आहे का? नाही म्हणतं. ते स्वतः ज्याला आत घेतं त्याचीच यादी ठेवतं. लिपी मी आणलेली. तिथेच राहते, सगळं काम करते, यादीत नाही.

कोणाला तरी सांगावंसं वाटलं. वासंतीला फोन लावला. तिने ऐकून घेतलं, मध्ये मध्ये "हो का" म्हणाली, मग विचारलं, "जेवलास का?"

२१ ऑक्टोबर

तलासरीला बसवून आलो. न बोलावता गेलो असं नाही, डॉक्टरांना आधी कळवलं होतं.

चंद्रिकाला समोर बसवून फोल्डर उघडला. बघ, म्हटलं, एकच फाईल. डबल-क्लिक कर. उघडली. तुझ्या नियमाने ही चांगली. ही तू पुसणार नाहीस. दुसरी कुठलीच नाही. मग लोडर कसा चालतो ते पहिल्यापासून सगळं सांगितलं, फार खुलून सांगितलं. ती बघत होती. नेहमी मध्ये मध्ये विचारते, आज काही विचारलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे आता बिघडणारच नाही?"

नाही.

"मग तुम्ही कशाला याल."

यायची गरजच पडणार नाही, म्हटलं — आणि मला त्याचा अभिमान वाटला. चांगलं काम तेच, ज्याच्याकडे पुन्हा बघावं लागत नाही. चोवीस वर्षं सिग्नलमध्ये हेच पाळलं आहे.

डबा पुढे आला. भात, उडदाची आमटी. तिने स्वतः खाल्लं नाही, पेशंटचं निमित्त करून उठली.

४ नोव्हेंबर

तलासरीचा फोन नाही. म्हणजे चालतंय. चालणारच.

१८ नोव्हेंबर

नाही.

३० नोव्हेंबर

लाईनमध्ये दोष असेल म्हणून रिसीव्हर उचलून पाहिला. टोन आहे. एक्स्चेंजला सांगून उलट घंटीही करून घेतली. वाजते.

१४ डिसेंबर

लोडर आणखी नीटस केला. आता लिपी आधीपेक्षा निम्म्या वेळात उतरते. डोळ्यांना फरक दिसत नाही, मोजूनच कळतो. मी मोजला.

थंडी पडली आहे. काल क्वार्टरसमोर शेकोटीला बसले होते सगळे. दिवा लावून मीही खिडकीत बसलो होतो, म्हणजे दिसत होतो.

३ जानेवारी १९९८

मीच फोन केला तलासरीला. नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्याव्यात म्हणून. डॉक्टरांनी उचलला. "सावेसाहेब, तुमचा प्रोग्रॅम एकदम उत्तम. काही म्हणजे काही त्रास नाही. तुम्ही निश्चिंत राहा." पेशंट होते म्हणून त्यांनी फोन ठेवला. चंद्रिकाला द्या म्हणायचं होतं. तिच्याकडे काय काम आहे असं विचारलं असतं तर? काम काहीच नव्हतं.

१७ जानेवारी

तारखेवार लिहायचं तर लिहायचं.

सकाळी फलाटावर सुकऱ्या भेटला. मेहुणीला वापीच्या गाडीत बसवायला आला होता. मला बघून खूश झाला. गाडी गेल्यावर चहा घेतला. मी विचारलं, बाकी मशीन काय म्हणतं? तो म्हणाला, "मशीन बेस. बाई बेस नाय. नोंद घालते, उठते. पयलं कशी चिकटून बसायची."

मी म्हटलं, पूर्वी बंद पडायचं ते तरी आता थांबलं. माझी वाट बघत तुमच्या नोंदी खोळंबायच्या.

त्यावर हा हसायला लागला. "खोळंबल्या कवा? तुम्हाला फोन झाला की बाई फाईल परत घालायची. तिच्यापाशी चपटी होती ना, फ्लॉपी. काम चालू. तुम्ही यायच्या दिशी सकाळी परत पुसायची."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. पुन्हा सांगायला लावलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं.

का? तर पहिल्या वेळी खरोखरच सफाईत गेली होती फाईल. चंद्रिका घाबरून रडली. मग मी गेलो आणि फाईल घालता घालता दुपारभर बोललो. कॉम्प्युटर आतून कसा असतो ते तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. "त्याच्या आधी तिनं तुम्हाला विचारलं होतं, शिकवाल का. तुम्ही बोललात, हे शिकवून येत नाय, मी कोणाकडं शिकलो? मग काय करंल बाई? तुम्ही बिघडलं तरच बोलता. नायतर नमस्कार, न् चहा नको."

तिने विचारल्याचं मला आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे. बऱ्याच जणांना ऐकवलं आहे.

मी म्हटलं, म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून मला मूर्ख बनवलं. सुकऱ्या कप ठेवत म्हणाला, "बनवलं. पण भाकर खाऊ घालून बनवलं."

चहा अर्धा टाकून ड्युटीवर गेलो. त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

१८ जानेवारी

राग आहे. दोन महिने मी एका रोगावर औषध करत बसलो, आणि रोगच नव्हता! जागा, पत्ते, चौकोन — कशासाठी? पोरीने सरळ दुसऱ्यांदा विचारायचं होतं.

विचारलं असतं तर मी तेच उत्तर दिलं असतं. हे मला माहीत आहे, म्हणून राग जास्त.

१९ जानेवारी

कारागिरी म्हणून बघू. लपवलेल्या फाईली दाखवणारी खूण शोधली. न पुसण्याची खूण काढली. फाईल फ्लॉपीवर उतरवून घेतली, परत घातली, काम चालवलं, आणि माझ्या येण्याआधी पुन्हा अशी पुसली की मला संशय आला नाही. मला! टोपली रिकामी करायला एकदाही विसरली नाही. दुसरा कोणीही विसरला असता.

त्या सप्टेंबरातल्या प्रश्नाचा विचार करतोय. सगळे बदलायचे, की लागतात तेवढे? हा प्रश्न मला स्वतःला पडायला दोन रविवार लागले होते. तिला ऐकता ऐकता पडला.

आणि ऑक्टोबरात मी तिच्यासमोर बसून, छाती फुगवून, तिचं दार बंद करून आलो. माझंही.

२५ जानेवारी

बोर्डीला जाऊन आलो. वासंती दारातच म्हणाली, "काय बिघडलं?" काही नाही म्हटलं. तिने आत जाऊन तांदूळ वाढवला. हात कुठे ठेवायचे हा प्रश्न आला, पण तिने चिकू निवडायला दिले.

२७ जानेवारी १९९८

तलासरी. मशीन उत्तम चालत होतं. चंद्रिकाच्या देखत ती एकुलती एक फाईल मी पुसली; पेशंटच्या नोंदी दुसऱ्या फोल्डरमध्ये असतात, त्यांना हात लावला नाही. टोपली रिकामी केली. ती उभीच राहिली — "काका, हे काय केलंत?" म्हटलं, फ्लॉपी माझ्या खिशात आहे, तिच्यावर प्रोग्रॅम आणि लोडरचं सगळं लिखाण आहे, पण ती आज निघणार नाही. खुर्चीत बस. कीबोर्ड तुझ्याकडे. लोडर पहिल्या ओळीपासून तू लिहायचास. सांग, आधी काय करायचं?

ती बसली, कीबोर्ड जवळ ओढला. मग म्हणाली, "आधी जागा मागायची."

चूक. आधी तोंडाची दोन अक्षरं तपासायची. तसं सांगितलं. तिथून पुढचं बरोबर सांगत गेली, शेवटची एसटी जाईपर्यंत.

हे सुकऱ्याच्या ओट्यावरून लिहितो आहे.